पेट ट्रिमर आणि अंडरकोटचा कंगवा: पावसाळ्यापासून मेपर्यंत वापरल्यावर

ऐन एप्रिलात ट्रिमर चार्ज होईना. मशीन वॉरंटीत, बिल जपून ठेवलेलं. कस्टमर केअरचं उत्तर एकच: चार्जर आणि पिन वॉरंटीत येत नाहीत, मशीन स्वतःच्या खर्चानं पुण्याला पाठवा, तपासून सांगू. अमळनेरहून कुरिअरचा खर्च, वर तपासणीचे पैसे, आणि तोवर कुत्र्याचं काय? अठराशेच्या वस्तूसाठी हे मला अजिबात पटलं नाही. दिवाळीत दिलेले पाच स्टार मी आता तीनवर आणतोय.

आमचा बाळू पांढरा स्पिट्झ. ट्रिमर घेतला तो अंगावरचे केस उतरवायला नाही, पंजे, पोटाखालचा भाग आणि शेपटीखालची जागा स्वच्छ ठेवायला. या कामात मशीनला तोड नाही. पावसाळा सरला की आमच्या शेताच्या बांधावरचं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. कुसळाच्या टोकाला उलटे काटे असतात, त्यामुळे ते आत शिरतं, मागे येत नाही. बाळू पुढचा उजवा पंजा सारखा चाटत होता. वरून काही दिसेना. दोन गाद्यांमधले केस ट्रिमरनं काढले तेव्हा लाल, ओलसर कातडीत रुतलेलं कुसळ दिसलं, बाहेर जेमतेम तांदळाच्या कणीएवढं. चिमट्यानं सरळ ओढून काढलं. ते आत गेलं असतं तर पू होऊन चिरा द्यावा लागला असता. त्या दिवशी मशीनचे पैसे वसूल झाले असं मी मानतो, आणि म्हणूनच पिनचा राग जास्त येतो.

पिन गोल, बारीक, कंपनीची स्वतःची. बाजारात दुसरी मिळत नाही. घरात सगळ्यांच्या फोनला सी-टाइप, आणि ह्या एका मशीनसाठी वेगळी वायर सांभाळायची. स्टेशन रोडवरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्यानं आतला सॉकेट साठ रुपयांत डाग देऊन बसवला. चाललं, मग पुन्हा ढिला झाला. आता वायर तिरकी धरून वर रबरबँड लावतो, तेव्हा कुठे दिवा लागतो. मोटर उत्तम, ब्लेड उत्तम, बॅटरी अजून टिकते, आणि सगळं अडलंय त्या पिनपाशी.

ब्लेडबद्दल एक सांगायलाच हवं. पाच-सात मिनिटांत ते तापतं. मधूनमधून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा, चटका लागला तर थांबा. पोटाची कातडी पातळ असते, तिथे भाजलं तर कुत्रं पुन्हा मशीन जवळ येऊ देत नाही. तेलाचे दोन थेंब आधी, दोन नंतर.

उन्हाळा लागला तसा जो तो सांगू लागला, सगळे केस उतरवा. आईचंही तेच: "त्याले गरम व्हस ना, काढी टाक ते केस." मी सरकारी पशुदवाखान्यात विचारलं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. या जातीला केसांचे दोन थर असतात. वरचा थर ऊन थेट कातडीवर येऊ देत नाही. मुळापासून काढले तर गुलाबी कातडी भाजते, आणि केस पुन्हा ठिकठिकाणी, वेडेवाकडे उगवू शकतात. कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळपायांना, बाकी थंडावा जीभ काढून धापा टाकण्यातून. केस कापून घाम सुटणार नाही. काढायचा तो आतला मेलेला, गुंतलेला थर, म्हणजे कातडीला हवा लागते.

आणि इथे माझं मत बदललं. हे काम ट्रिमरचं नाहीच. साडेतीनशेचा लांब दात्यांचा अंडरकोटचा कंगवा ते करतो, चार्जिंगशिवाय. केसांच्या दिशेनं, थोडे थोडे केस बाजूला करत, कानामागे आणि मांड्यांमागे जास्त वेळ. जटा तिथेच धरतात. कातडीवर दाबायचं नाही. नळाचं पाणी रोज येत नसलेल्या गावात हा कंगवा मोठा आधार आहे, कारण आंघोळी आपोआप कमी झाल्या. त्याही फक्त कुत्र्याच्याच शांपूनं घालतो. आपला त्यांच्या कातडीला चालत नाही. आधी विंचरून, मग आंघोळ, मग मुळापर्यंत कोरडं करणं, हा क्रम मोडू नका. आतला थर ओला राहिला की खाजेचे चट्टे उठतात.

विंचरताना गोचीडही हाती लागते. कान, काख, बोटांच्या बेचक्या रोज बघा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. टिक फिव्हर तिच्यामुळेच होतो. ताप, जेवण सोडणं, नाकातून रक्त असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, रक्त तपासून घ्या.

पैसे मोजके असतील तर आधी कंगवा घ्या. ट्रिमर घ्यायचाच तर सी-टाइप चार्जिंगचा बघा, दोनशे जास्त गेले तरी चालतील. माझी तक्रार अजून उघडी आहे. कंपनीनं नुसता सॉकेट विकत दिला तरी एक स्टार परत देईन.