बंड, उठाव की गद्दारी? मोबाइलवर कोणती मराठी बातमी ठेवायची

शिवसेनेतल्या फुटीवरचा ११ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवतोय? राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चूक, असं घटनापीठ म्हणालं. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिला, म्हणून त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, असंही म्हणालं. दोन्ही बाजूंनी निकाल आपल्याच बाजूने लागल्याचं सांगून टाकलं. एकही खोटा शब्द न लिहिता यातून दोन उलट मथळे निघतात. कोणतं संकेतस्थळ ठेवायचं असं कुणी विचारलं की मी त्याला या निकालाची जुनी बातमी शोधायला सांगतो. दोन्ही वाक्यं पहिल्या दोन परिच्छेदांत सापडली, तर पुढे बोलू.

'सामना'पासून सुरुवात करतो, कारण ते सगळ्यांत सोपं. बाळासाहेब ठाकरेंनी १९८८ मध्ये काढलेलं हे शिवसेनेचं मुखपत्र, आज ठाकरे गटाचं, आहे आणि ते तसं लपवतही नाही. एकनाथ शिंदे यांचा गट तिथे 'मिंधे', बाहेर पडलेले आमदार 'गद्दार'. जून २०२२ मधल्या त्याच घटनेला शिंदे यांच्या बाजूचे लोक 'उठाव' म्हणतात. बहुतेक वर्तमानपत्रांनी 'बंड' धरलं. मला विचाराल तर 'फूट' हा सगळ्यांत कोरडा शब्द. ठाकरे यांच्या पक्षाच्या मनात काय चाललंय, हे कळायला 'सामना'चा अग्रलेख उत्तम. काय घडलं, एवढंच हवं असेल तर तिथे जाऊ नका.

दुसऱ्या टोकाला नागपूरचा आणि मुंबईचा 'तरुण भारत', संघविचाराचे. वाचण्याची रीत तीच. (बेळगावचा 'तरुण भारत' वेगळा बरं का. बाबुराव ठाकूरांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या त्या पत्राची ओळख सीमालढ्याशी जोडलेली आहे. शोधताना हमखास गल्लत होते.)

खरी अडचण मधल्या मोठ्या नावांची. 'सकाळ' १९३२ मध्ये नानासाहेब परुळेकरांनी काढला, आज समूहाचे प्रमुख प्रतापराव पवार हे शरद पवारांचे धाकटे भाऊ आहेत. 'लोकमत'च्या दर्डा कुटुंबातले विजय दर्डा काँग्रेसचे राज्यसभा खासदार होते, तर राजेंद्र दर्डा राज्यात मंत्री. म्हणून यांची प्रत्येक बातमी कलती असते, असं मी म्हणणार नाही. तालुक्याची बातमी हवी असेल तर यांच्यावाचून गत्यंतर नाही. जिल्हा परिषद, कांद्याचे भाव, धरणातलं पाणी हे यांच्या वार्ताहरांइतकं इतरांकडे येत नाही. पण मालकाच्या जवळच्या पक्षाची बातमी असली की आणखी एका ठिकाणी पडताळून घ्या. कल शब्दांत क्वचितच सापडतो, गाळलेल्या बातमीत असतो, आणि गाळलेलं एका जागी बसून दिसत नाही.

'लोकसत्ता' एक्स्प्रेस समूहाचा, 'महाराष्ट्र टाइम्स' टाइम्स समूहाचा. पक्षाशी घरोबा कमी, जाहिरातींचं गणित मात्र सगळ्यांना आहेच. दोघांत निवडायचं तर अग्रलेखासाठी मी 'लोकसत्ता' उघडतो. पटो न पटो, बाजू कुठली ते लपत नाही.

'बीबीसी मराठी' २०१७ मध्ये आली. मूळ संस्था ब्रिटिश परवाना शुल्कावर आणि तिथल्या सरकारी अनुदानावर चालते, त्यामुळे इथल्या कुठल्या नेत्याची मर्जी राखायची गरज नाही. प्रकरण मुळापासून समजून घ्यायचं तर मी तिथेच जातो. गावपातळीवरचं मात्र फारसं मिळत नाही.

वृत्तवाहिन्यांच्या संकेतस्थळांवर वेळ घालवू नका. तिथे पक्षापेक्षा घाई मोठी असते.

वर्तमानपत्रांवरही डोळे झाकून विसंबू नका. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं कौतुक करणारा एकच मजकूर स्पर्धक वर्तमानपत्रांत जवळजवळ शब्दशः आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं होतं. तेव्हा अंक शेजारी शेजारी ठेवावे लागले. आज संशय आला की बातमीतलं एक वाक्य उचलून शोधपट्टीत टाका, दुसऱ्या नावाखाली तेच वाक्य आलं तर ते कुणीतरी पाठवलेलं प्रसिद्धिपत्रक असण्याची शक्यता मोठी.

दिवसाला पंधराच मिनिटं असतील तर माझी जोडी अशी: जिल्ह्यासाठी 'सकाळ' किंवा 'लोकमत', जे तुमच्या गावात जास्त पोचतं ते, आणि राज्याच्या राजकारणासाठी 'बीबीसी मराठी'. रविवारी सवड मिळाली तर 'सामना' आणि 'मुंबई तरुण भारत' एकापाठोपाठ वाचा. नोटिफिकेशन मात्र सगळ्यांचीच बंद.