जहाज की स्थानक?

'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकांमध्ये अंतराळजहाजावर घडणारी 'द नेक्स्ट जनरेशन' (१९८७-९४) सरस की अंतराळस्थानकावर घडणारी 'डीप स्पेस नाईन' (१९९३-९९), हा वाद जुनाच. माझं मत स्थानकाला.

जहाजाची गोष्ट दर भागात पुढच्या ग्रहाकडे निघते. त्यामुळे एकेक भाग स्वतंत्र कथेसारखा घट्ट बांधता येतो. 'द इनर लाईट' हा भाग घ्या: अवघ्या पंचवीसेक मिनिटांत जहाजाचा कॅप्टन पिकार्ड एका मृत ग्रहावरच्या माणसाचं अख्खं आयुष्य जगतो, नातवंडं बघतो, बासरी शिकतो. विज्ञानकथा म्हणून याला तोड नाही. पण एवढं जगून आलेला माणूस पुढच्या भागात जणू काही घडलंच नाही असा खुर्चीत बसतो. बासरी नंतर दिसते, पण क्वचितच.

स्थानक हलत नाही. जे घडलं त्याच्यासोबतच तिथल्या लोकांना राहावं लागतं. नॉगचंच बघा. पहिल्या भागात चोरी करताना पकडलेला हा फेरेंगी या परग्रहवासी जमातीतला पोरगा पुढे स्टारफ्लीट या अंतराळदलात जातो आणि सातव्या सीझनमध्ये लढाईत पाय गमावतो. कृत्रिम पाय बसतो, तरी त्याचं दुखणं थांबत नाही. तो होलोस्वीटमधल्या आभासी जगात जाऊन बसतो, बाहेर यायलाच तयार नसतो. त्यासाठी लेखकांनी आख्खा भाग दिला, तोही एका दुय्यम पात्राला! मोठ्या फ्रँचायझीत एवढा धीर फार कमी दिसतो.

नवख्यांनी जहाजापासून सुरुवात करावी, तिसऱ्या सीझनपासून केली तरी चालेल. स्थानक मात्र क्रमानेच बघा.