चार कॅमेरे आणि शटरचा अलार्म : छोट्या दुकानासाठी घ्यावा का?

उत्तर आधीच देते : घ्यावा. फक्त चोर पकडून देईल म्हणून घेऊ नये, कारण ते काम हा संच करत नाही. तो दुसरी दोन-तीन कामं चोख करतो, आणि माझ्या मते ती जास्त मोलाची आहेत.

माझं दुकान स्टेशनरी आणि सौंदर्यप्रसाधनांचं. संचात चार कॅमेरे, रेकॉर्डिंगचा डबा (डीव्हीआर), एक टेराबाइटची हार्ड डिस्क, शटरला बसवायचा सेन्सर आणि सायरन एवढं येतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातले संच एकमेकांपासून फारसे वेगळे नसतात, फरक पडतो तो बसवण्याने.

बसवायला आलेल्या मुलाने पहिला कॅमेरा सरळ गल्ल्यावर रोखला. सगळे तिथेच लावतात म्हणे. पण दिवसाढवळ्या गल्ल्याला कोण हात घालतो? तिथे मी स्वतः बसलेली असते. उचलेगिरी होते ती मधल्या रॅकवर. रोनाल्ड क्लार्क या गुन्हेशास्त्रज्ञाने १९९९ साली, चोरांच्या नजरेत कोणत्या वस्तू भरतात याची एक कसोटी मांडली होती : लपवता येणारी, उचलून नेता येणारी, हाताशी असलेली, किमती, हवीहवीशी वाटणारी आणि लगेच विकून मोकळं होता येईल अशी. माझ्या रॅकला ही कसोटी लावली की लिपस्टिक, रेझरची पाती, सेल, कॅल्क्युलेटर आणि भारी पेनं एका बाजूला येतात. वह्यांच्या गठ्ठ्यांना आजवर कुणी हात लावलेला नाही. म्हणून एक कॅमेरा त्या रॅकवर हवा, आणि हे बसवणाऱ्याला आपणच सांगावं लागतं. त्याला तुमचा माल ठाऊक नसतो.

दुसरा मुद्दा उंचीचा. दाराजवळचा कॅमेरा छताला लावला तर रेकॉर्डिंगमध्ये फक्त टोप्या आणि भांग दिसतात. तो डोक्याच्या जरा वर, आत येणाऱ्याच्या समोर हवा. भिंगही तपासून घ्या. संचातली चारही भिंगं २.८ मिलिमीटरची होती. त्यात अख्खं दुकान मावतं, पण दारातला चेहरा इतका लहान येतो की ओळख पटवणं कठीण. दारासाठी मी ६ मिलिमीटरचं भिंग बदलून घेतलं. दृश्य अरुंद झालं, पण चेहरा भरून दिसायला लागला. आणखी एक : दुपारी बाहेरचा उजेड पाठीमागून आला की आत येणारा माणूस नुसता काळा आकार दिसतो. यासाठी कॅमेऱ्यात डब्ल्यूडीआर नावाची सोय असते, उजेड आणि सावली दोन्ही सावरणारी. माझ्या संचात ती होती, पण बंद ठेवलेली. पैसे देण्याआधी भर दुपारी कुणाला तरी दारातून आत यायला सांगा आणि पडद्यावर त्याचा चेहरा ओळखू येतो का ते बघा.

डीव्हीआरबद्दल थोडक्यात. चार कॅमेरे दिवसरात्र चालले की एक टेराबाइट दोन आठवड्यांच्या आसपास भरते आणि जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. त्यामुळे काही गेल्याचं लक्षात आलं की त्याच दिवशी तो भाग पेन ड्राइव्हवर काढून ठेवायचा. डब्याचं घड्याळ अधूनमधून जुळवा. फुटेजवरची वेळ आणि तक्रारीतली वेळ जुळली नाही तर पुढे तोच मुद्दा धरला जातो. डबा काउंटरखाली ठेवू नका. शटर फोडणारा जाताना तोच उचलतो आणि पुरावा त्याच्याबरोबर जातो. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने असेच मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये मोठमोठ्या वेबसाइटी काही तास बंद पाडल्या. दुकानाच्या राखणीला लावलेलं यंत्र परक्याच्या हाती जाऊ शकतं, हे विकणारा सांगत नाही.

आता शटरचा अलार्म. इथे मी संचाचे गुण कापते. सेन्सर कंपनावर चालतो. जोराचा वारा सुटला, रस्त्यावरून अवजड गाडी गेली, कुत्रं शटरला घासून गेलं, की सायरन कानठळ्या बसवतो. सुरुवातीला शेजारपाजारचे धावत आले, मग त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. लोकांचं असं होतं तसंच पोलिसांचंही. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत अलार्मच्या कॉलमधले बहुतांश खोटे निघत असल्यामुळे २००० साली पोलिसांनी नियमच केला : कुणीतरी प्रत्यक्ष खात्री केल्याशिवाय चोरीच्या अलार्मवर गाडी जाणार नाही. दुकानदारांना हे कठोर वाटेल, मलाही आधी वाटलं. पण खोट्या सायरनमागे पळणारी गाडी खऱ्या हाकेला उशिरा पोचते, हेही तितकंच खरं. उपाय साधा आहे. कंपनाच्या सेन्सरची संवेदना कमी करा आणि सोबत चुंबकाचा सेन्सर बसवा. शटर प्रत्यक्ष वर उचललं तरच तो बोलतो. तो संचात नव्हता, वेगळा घ्यावा लागला. शटरचा अलार्म म्हणून विकायचा आणि चुंबकाचा सेन्सर द्यायचा नाही, हे मला पटत नाही.

अलार्मचा खरा उपयोग चोराचा वेळ कापण्यात आहे. कटावणीने पट्टी वाकवायला, कुलूप तोडायला त्याला काही मिनिटं लागतात. सायरन वाजला की ती मिनिटं त्याला महाग पडतात. म्हणून अलार्मच्या आधी कुलपं बघा. दोन्ही टोकांची कुलपं आणि मधलं सेंट्रल लॉक भक्कम नसेल, तर सायरन वाजेपर्यंत माणूस आत शिरलेला असतो.

पोलिसांकडे फुटेज नेण्याचा अनुभव सांगायलाच हवा, कारण बहुतेक जण कॅमेरे त्याच भरवशावर घेतात. एका माणसाने रॅकवरची कॅल्क्युलेटर पिशवीत सरकवली. दारातल्या कॅमेऱ्यात चेहरा स्वच्छ आला होता. मी पेन ड्राइव्ह घेऊन गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे सगळं पाहिलं, तक्रार लिहून घेतली आणि म्हणाले, “ताई, चेहरा दिसतोय. पण हा माणूस कोण, राहतो कुठे, ते कोण सांगणार?” त्यात टाळाटाळ नव्हती. मी बसले होते तेवढ्या वेळात त्यांच्यासमोर एक बेपत्ता मुलगी, एक अपघात आणि एक मारहाण येऊन गेली. माझी कॅल्क्युलेटर त्या रांगेत मागेच राहणार, आणि राहायलाच हवी.

गस्त वाढवा, ही आपली नेहमीची मागणी. मीही निवेदनांवर सह्या केल्या आहेत. पण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये याचाच प्रयोग झाला. शहराच्या एका भागातल्या १५ बीटचे, म्हणजे गस्तीच्या हद्दींचे, तीन गट केले. एका गटात नेहमीची गस्त बंद, गाडी फक्त बोलावल्यावर जायची. दुसऱ्यात होती तशीच. तिसऱ्यात दुपटी-तिपटीने वाढवली. वर्षभरानंतर गुन्ह्यांमध्ये किंवा लोकांच्या भीतीमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही. पुढच्या काळात काही ठरावीक चौकांवर, ठरावीक वेळी लक्ष दिलं तर उपयोग होतो हे दिसून आलं, पण नुसती फिरती गाडी रॅकवरची लिपस्टिक वाचवत नाही. पिशवीत वस्तू सरकायला काही सेकंद पुरतात. त्या सेकंदांत पोलीस तिथे असणं कुठल्याच शहराला परवडणारं नाही.

कायद्याचा लंबकही एका जागी थांबत नाही. कॅलिफोर्नियात २०१४ साली मतदारांनी ९५० डॉलरपर्यंतची दुकानातली चोरी किरकोळ गुन्ह्यात बसवली. भुरट्या चोरांनी तुरुंग भरू नयेत हा त्यामागचा विचार मला समजतो. २०२४ साली तिथल्याच मतदारांनी पुन्हा पुन्हा चोरी करणाऱ्यांसाठी शिक्षा कडक केली. दुकानदारांचा रागही मला समजतो. रोज थोडं थोडं जाणारं नुकसान कागदावर किरकोळ असतं, पण छोट्या दुकानाचा नफा त्याच किरकोळीत असतो.

मग स्वतःच पकडावं का? टोरंटोमध्ये २००९ साली डेव्हिड चेन या दुकानदाराने, आधी रोपं चोरून नेलेला माणूस तासाभराने परत आला तेव्हा त्याला पकडून, बांधून गाडीत कोंडलं. पोलिसांनी चेन यांच्यावरच मारहाणीचा आणि डांबून ठेवल्याचा गुन्हा दाखल केला, कारण तिथल्या कायद्याप्रमाणे चोरी होत असतानाच पकडायला हवं होतं. २०१० मध्ये ते निर्दोष सुटले आणि पुढे कॅनडाने कायदा बदलून चोरीनंतर वाजवी वेळेत पकडायची मुभा दिली. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. तरी माझ्या मदतनीस मुलीला मी बजावून ठेवलंय : कुणाच्या मागे धावायचं नाही, कुणाला अंगाला हात लावायचा नाही. पिशवीत कॅल्क्युलेटर आहे हे आपल्याला दिसतं, खिशात चाकू आहे की नाही ते दिसत नाही.

बसवणाऱ्या मुलाने जाता जाता सुचवलं, “ताई, शटरला रात्री करंट सोडता येतो, बघा.” मी त्याला तिथल्या तिथे नाही म्हटलं. आयोवा राज्यात एका दांपत्याने आपल्या रिकाम्या घरात दार उघडताच सुटेल अशी बंदूक बांधून ठेवली होती. आत शिरलेल्या माणसाचा पाय जायबंदी झाला. तो चोरीलाच आला होता, तरी न्यायालयाने त्याला ३०,००० डॉलर भरपाई दिली आणि १९७१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मालमत्ता राखायला जीवघेणा सापळा लावता येत नाही. करंटला चोर आणि पहाटे शटरला टेकून बसलेलं लेकरू यांतला फरक कळत नाही. असं काही विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

ज्या प्रसंगानंतर या संचाचे पैसे वसूल झाले असं मला वाटलं, त्यात चोरी झालीच नव्हती. शेजारच्या दुकानदाराने एका शाळकरी मुलाला आमच्या दारात बखोटीला धरलं. “याने सेल खिशात टाकले, मी डोळ्यांनी पाहिलं.” चार माणसं जमली. कुणीतरी दप्तर ओढायला लागलं. मुलगा थरथरत म्हणत होता, “काका, नाही घेतले हो.” मी सगळ्यांना थांबवलं, पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि रेकॉर्डिंग मागे नेलं. मुलाने सेलचं पाकीट हुकावरून काढलं. उलटं करून मागचं वाचलं. खिशातून मोबाइल काढून पाकिटाचा फोटो घेतला. पाकीट पुन्हा हुकाला अडकवलं, दोनदा, कारण पहिल्यांदा ते घसरलं. मग मोबाइल खिशात टाकला. शेजाऱ्यांना बाहेरून एवढी शेवटची हालचाल दिसली होती. त्यांनी हात सोडला, मुलाच्या खांद्यावरची सुरकुतलेली बाही नीट केली आणि “चुकलं बाळा” म्हणाले. ते रॅकवरच्या कॅमेऱ्यामुळे दिसलं. गल्ल्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यात यातलं काहीच आलं नसतं.

त्या रात्री मला लताशा हार्लिन्स आठवली. १९९१ साली, लॉस एंजेलिसमध्ये, १५ वर्षांची मुलगी. संत्र्याच्या रसाची १ डॉलर ७९ सेंटची बाटली तिच्या दप्तरात दिसली म्हणून दुकानदार बाईने तिला धरलं, झटापट झाली, आणि मुलगी पाठ फिरवून निघाली असताना गोळी घातली. पैसे मुलीच्या हातात होते. दुकानात कॅमेरा होता, सगळं त्यात आलं, पण जीव गेल्यावर. त्या बाईला तुरुंगवास झाला नाही आणि त्या निकालाची चीड पुढच्या वर्षीच्या दंगलीपर्यंत धुमसत राहिली. म्हणून कॅमेऱ्याचा पडदा काउंटरवर, लगेच बघता येईल असा ठेवा. आतल्या खोलीत ठेवलात तर बखोटीला धरलेला हात सुटेपर्यंत फार उशीर होतो.

संचाबरोबर मी आणखी दोन गोष्टी केल्या. कोपऱ्यात फुगीर आरसा लावला, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून “या, काय दाखवू?” म्हणायचं ठरवलं. आपल्याला कुणीतरी पाहिलंय हे कळलं की निम्मे हात आपोआप आखडतात. जपानमधल्या दुकानांत काउंटरजवळ रंगाने भरलेले चेंडू ठेवतात. लूट करून पळणाऱ्याच्या पायाशी किंवा गाडीवर तो फोडायचा, म्हणजे मागे न धावता खूण राहते. तसं काही आपल्याकडच्या विक्रेत्यांनी ठेवलं तर मी घेईन.

विक्रीनंतरची सेवा ठीकठाक. एका कॅमेऱ्याचा अॅडाप्टर गेला, फोन केल्यावर बदलून मिळाला, पण बरीच वाट पाहावी लागली, तेव्हा एक जादा अॅडाप्टर घरात ठेवा. कॅमेऱ्याच्या रात्रीच्या दिव्यापाशी कोळी येतात आणि भिंगासमोर जाळं विणतात, मग रात्रभर पांढरे धागेच दिसतात. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसायचं. कॅमेऱ्यांना पाचपैकी चार, शटरच्या अलार्मला दोन.