हेलची पॅस्टी: भट्टीतून निघालेलीच घ्या

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलला जाणारे आपले लोक सरळ सेंट आइव्ह्ज गाठतात, तिथे बंदरावर उभं राहून पॅस्टी घेतात आणि निम्मी सीगल पक्षी पळवतात (गंमत नाही, हातातून ओढून नेतात, तशा पाट्या पण लावल्यात). माझं ऐका, आधी हेलला उतरा, लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झन्सला जाणाऱ्या रेल्वे लाइनवरच आहे. तिथे फिल्प्स म्हणून बेकरी आहे, १९५८ पासूनची. थाटमाट काही नाही, पॅस्टी घ्यायची, कागदी पिशवी धरायची आणि पाण्याकडे जाऊन बसायचं.

न बघितलेल्यांसाठी सांगतो, दिसायला तळहातापेक्षा मोठी करंजीच, कडेला जाड मुरड घातलेली. आत बीफचे तुकडे, बटाटा, कांदा, स्वीड नावाचा पिवळा गोडसर कंद, मीठ आणि भरपूर मिरपूड, बास. गाजर घातलं तर तिथली माणसं भांडायला उठतील. आणि मेन म्हणजे हे सगळं कच्चंच भरतात. समोशासारखं आधी शिजवून सारण नाही करत, पाऊण तास वगैरे भट्टीत मांसाचा रस बटाट्यात मुरतो आणि वाफ कव्हरच्या आतच राहते, म्हणून तर ताज्या पॅस्टीची चव वेगळी लागते. काउंटरवर बिनधास्त विचारा की पुढचा घाणा कधी निघतोय, थांबायला लागलं तर थांबा. हातात आली की लगेच चावू नका, जीभ भाजेल, टोक तोडून जरा वाफ जाऊ द्या.

मिरपूड घशाला जाणवते इतकी होती, मला तीच आवडली. कव्हर खुसखुशीत पण दणकट, हातात धरून खाल्ली तरी फुटत नाही. खाणकामगारांचं खाणं ना हे, कथलाच्या खाणीत उतरताना डबा म्हणून न्यायचे. हेलमध्येच हार्वी कंपनीचा कारखाना होता, खाणीतलं पाणी उपसायची इंजिनं तिथे बनायची. याच भागातले कामगार १९व्या शतकात मेक्सिकोच्या चांदीच्या खाणींवर गेले, तिकडे इदाल्गो राज्यात आजही पॅस्टी मिळते, फक्त आत मिरची गेलीय. आपल्याला तीच जास्त आवडेल बहुतेक.

उलट लंडनच्या एका स्टेशनवरच्या टपरीतून घेतली होती ती म्हणजे पुठ्ठा, काचेच्या गरम कपाटात कधीपासून पडलेली काय माहीत, खालून ओली नि कड दगड. आणि वर कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलची, म्हणून लिहिलेलं. तेही नियमातच बसतं बरं का, २०११ मध्ये नावाला युरोपियन संरक्षण मिळालं त्यात पॅस्टी कॉर्नवॉलमध्ये भरलेली पाहिजे, भाजली कुठेही तरी चालते. म्हणजे कच्ची पाठवा नि भाजा कुठल्याही ओव्हनमध्ये.

या कपाटावरून तर २०१२ मध्ये राडा झालेला. ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री ऑस्बोर्ननी गरम पॅस्टीवर २० टक्के व्हॅट लावायचं ठरवलं, बेकरीवाले रस्त्यावर उतरले, शेवटी माघार घेतली आणि ठरलं काय तर भट्टीतून काढून आपोआप गार होत असलेल्या पॅस्टीला टॅक्स नाही, कपाटात गरम ठेवली तर टॅक्स. सरकारी का होईना, पण फरक बरोबर पकडलाय!

बीफ चालत नसेल तर चीज-कांदा घ्या, बायकोने तीच खाल्ली आणि माझ्याआधी संपवली. नियमाप्रमाणे तिला कॉर्निश पॅस्टी म्हणता येत नाही कारण त्यात बीफ लागतंच, पण चवीला काही कमी नाही. मोठी साइज एकट्याने घेऊ नका, जेवणच होतं ते, मधली पुरते. आणि दुपार करू नका, सकाळीच जा. केचप मागायचा मोह आवरा, लोक बघतात.