वर्षाचं भरायचं की महिन्याचं आणायचं? तंगीच्या वर्षातला नागपुरी घराचा हिशोब

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आमच्या मानेवाड्याच्या गल्लीतली एक पोरगी दारात येऊन बसली. नवऱ्याचं काम सुटलेलं, पदरी दोन लेकरं, बँकेत चार-पाच महिने पुरेल एवढीच पुंजी. म्हणाली, "काकू, आई म्हणते वर्षाचं धान्य भरून टाक, तिखट-डाळ सगळं घरीच कर, पोटाची तरी चिंता नको. हे म्हणतात पैसा हातात ठेव, लागेल तसं आणू. मी तर रात्रंदिवस हिशोबच करून राहिली."

तिचा हिशोब मला नवा नव्हता. हिंगण्याच्या एमआयडीसीतली ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा अकरा महिने घरात पगार नव्हता. त्या वर्षी मी जिद्दीनं सगळंच घरी केलं. त्यातलं निम्मं फळलं. निम्म्यात पैसाही गेला आणि माझं कंबरडंही. त्यावरून एक गोष्ट पक्की कळली. जिथं नागपूरचं ऊन आणि हंगाम आपल्यासाठी राबतो, ते घरी करावं. जिथं नुसतं आपलं अंग राबतं आणि वरून तेल-वीज जळते, ते विकत आणावं. म्हणून "सगळं भरू की काहीच नको" असा विचारच करू नका, एकेक जिन्नस समोर ठेवून ठरवा.

पण त्याआधी रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य आहे, अंत्योदय कार्ड असेल तर घराला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळतं. कार्डावर नाव आहे पण उचलायची लाज वाटते, अशी किती घरं मी पाहिली. मीही त्यातलीच होते. चार माणसांचे २० किलो सोडून द्यायचे आणि तेच धान्य दुकानातून रोख पैशानं आणायचं, ही काटकसर नव्हे. केवायसी झालं आहे का, लेकरांची नावं चढली आहेत का, हे आधी बघा. रेशन किती येतं ते कळल्याशिवाय बाहेरून किती धान्य भरायचं हे ठरतच नाही.

धान्य: भरणं फायद्याचं, पण कोणाच्या पैशानं?

नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि इतवारीच्या घाऊक बाजारात पोत्यानं घेतला तर गल्लीतल्या किराण्यापेक्षा किलोमागे स्वस्त पडतो, यात वाद नाही. आम्हा चौघांना महिन्याला १५ किलो गहू लागतो, म्हणजे वर्षाचे १८० किलो. घरचा पैसा असेल आणि कोरडी जागा असेल तर भरावा.

कर्ज काढून मात्र अजिबात भरू नये. समजा मार्चमध्ये शेकडा दोन रुपये महिना व्याजानं १०,००० उचलले आणि दिवाळीला फेडले. आठ महिन्यांचं व्याज झालं १,६००. म्हणजे दिवाळीपर्यंत गव्हाचा भाव सोळा टक्के चढला तर कुठं तुम्ही बरोबरीत, आणि तोवर अर्धी कोठी खाऊन झालेली असते. मी गळ्यातलं ठेवून धान्य भरलं होतं. धान्य पावसाळ्यातच अर्ध्यावर आलं, व्याज मात्र पुढच्या संक्रांतीपर्यंत पुरलं. तुमची पुंजी सहा महिन्यांची नसेल तर तीन महिन्यांचंच भरा. शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून एक पोतं घ्यायचं आणि वाटून घ्यायचं, यात भाव पोत्याचा मिळतो आणि पैसा अडकत नाही.

भरायचंच ठरलं तर नीट भरा, कारण सोंडे लागलेलं पोतं सगळ्यात महाग. गहू गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात पसरायचा. एक दाणा दाताखाली धरून बघायचा. कट्‌ आवाज करून तुटला तर वाळला, दबला तर अजून एक दिवस. उन्हातला गरम गहू तसाच कोठीत ओतू नका, आतल्या आत घाम सुटतो आणि तळाशी बुरशी येते. रात्रभर घरात पसरून निववा, मग भरा. कोठी भिंतीपासून वीतभर लांब, खाली लाकडी फळी. आणि दुकानदार कीड मारायला सल्फासच्या गोळ्या देऊ लागला तर हात जोडून नाही म्हणा. त्यातून निघणारा वायू जीव घेतो. माणसं झोपतात त्या घरात त्या गोळ्यांचं काम नाही.

तांदळाचं उलटं आहे. तो उन्हात घालायचा नाही, तडकतो आणि कणकी होते. तांदूळ भरण्यात मात्र गव्हापेक्षा जास्त फायदा आहे, कारण तो ठेवून चढतो. भंडारा-गोंदियाकडचा नवा तांदूळ जानेवारीत येतो तेव्हा त्याचा भात चिकट होतो म्हणून तो स्वस्त. तोच जुना झाला की मोकळा शिजतो आणि दुकानात जास्त भावानं मिळतो. साध्या घराला एचएमटी पुरे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडेंनी आपल्या शेतातल्या लोंब्या निवडून निवडून तयार केलेलं हे वाण आहे, आणि विदर्भातल्या कितीतरी चुली त्यावर चालतात. जानेवारीत थोडा जास्त घेऊन दसऱ्यानंतर खायला काढा.

तूर आणून डाळ करून घ्यावी का? गावाकडून घरची तूर येत असेल तर जरूर. विकतची तूर घेऊन डाळ करवण्यात मला काही उरलं नाही. शंभर किलोतून डाळ सत्तरच्या आसपास हाती येते, वर वाहतूक आणि भरडाई. त्यापेक्षा नव्या हंगामाची डाळ घ्या, थोडं एरंडेल चोळून डब्यात भरा.

तिखट: हे घरीच

इथं माझं मत ठाम आहे. पाकिटातलं तिखट शंभर-शंभर ग्रॅमनं आणलं की वर्षाला किती गेलं ते कधी कळतच नाही. आमच्याकडे चार किलो लागतं. भिवापूर आपल्याच जिल्ह्यातलं, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. पण सगळी भिवापुरीच घ्यायला हवी असं नाही. रंगाला एक आणि झणक्याला एक अशा दोन जाती मिसळल्या तरी रस्सा चांगला होतो.

मिरची थंडी सरता सरता बाजारात भरपूर येते. इतवारी-मस्कासाथकडे जाऊन घ्या आणि देठासकट घ्या, ती स्वस्त असते. देठं खुडायला सगळं घर बसवा. हाताला आधी गोडेतेल चोळायचं, नाहीतर रात्री बोटं जळत राहतात आणि लेकरानं डोळ्याला हात लावला तर विचारूच नका. खुडलेली मिरची दोन दिवस उन्हात. कानाजवळ हलवली आणि आत बिया खुळखुळल्या की कांडपावर न्यायची. किलोमागे पन्नास-शंभर ग्रॅम देठात जातात, ते धरून हिशोब करा. कांडपावरून आलेलं तिखट गरम असतं, ते थंड होऊ द्यायचं, मग त्यात थोडं मीठ आणि हिंगाचे खडे घालून बरणीत दाबून भरायचं. बरणी अंधारात ठेवायची, उजेडात रंग उडतो. दोन दिवसांचं काम आणि वर्षाची बेगमी.

हळद, धणेही याच पद्धतीनं. सावजी मसाला मात्र विकत आणा. महिन्यातून एकदा लागणाऱ्या गोष्टीसाठी वीस जिन्नस घरात भरायचे नाहीत.

वाळवण: तळायचं की रश्श्यात टाकायचं?

याचा विचार मी पहिल्या वर्षी केलाच नाही. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून पातेलंभर कुरोड्या घातल्या. मेचं ऊन पंचेचाळीस अंशांचं, एका दिवसात कडकडीत वाळल्या. पण कुरोडी खायची म्हणजे कढईभर तेल, आणि तंगीच्या घरात सगळ्यात आधी तेलच संपतं. पापडही भाजून खाल्ला तर परवडतो.

मुंगवड्यांचं तसं नाही. मुगाची डाळ भिजवून, वाटून, बोरांएवढ्या वड्या कपड्यावर टाकायच्या. आषाढात भाजी कडाडते तेव्हा मूठभर मुंगवड्या आणि दोन आलू घातले की चौघांची भाजी होते, वर प्रथिनंही मिळतात. तसेच सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे. जानेवारीत तुरीच्या ओल्या शेंगा स्वस्त असतात. सोले काढून, वाफवून वाळवले तर पावसाळ्यात भातात टाकता येतात. वांग्याच्या फोडी, मेथी, कैरीची आंबोशी, हे सगळं त्याच रांगेतलं. वाळवणाचं पातेलं चढवण्याआधी एवढंच बघा की हे पुढं तेल मागणार आहे की भाजीचे पैसे वाचवणार आहे. सणाला कुरोड्या हव्यातच तर बचत गटाकडून पावभर आणा. तिथल्या बाईलाही तुमच्यासारखीच गरज असते.

ताजी भाजी: गच्चीवर की बाजारात?

गच्चीवरच्या बागेचे व्हिडिओ पाहून पुष्कळजणी कुंड्या, माती, खत यांवर पैसा घालतात. नागपुरात त्यातली अडचण अशी की हिवाळ्यात भाजी सहज येते, पण तेव्हा ती बाजारातही मातीमोल असते. आणि भाजी महाग होते त्या उन्हाळ्यात गच्ची इतकी तापते की हिरवी जाळी लावूनही पालक टिकत नाही, पाणी मात्र दोन वेळा द्यावं लागतं. तंगीच्या वर्षी कुंड्या विकत घेऊ नका. अंगणात जागा असेल तर कढीपत्ता, लिंबू आणि शेवगा लावा. फुटक्या टोपल्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरा. तेवढं पुरे.

भाजीचा खरा फायदा बाजार निवडण्यात आहे. दारावरचा ठेला सोयीचा, आठवडी बाजार स्वस्त, आणि कॉटन मार्केट त्याहून स्वस्त, पण तिथं सकाळी लवकर जावं लागतं आणि पाच किलोच्या हिशोबानं घ्यावं लागतं. एकटीनं ऑटो करून गेलात तर वाचलेलं सगळं भाड्यात जातं. आम्ही चौघी आळीपाळीनं एकीची स्कूटी घेऊन जायचो, तेव्हाच ते परवडलं.

गॅस, शेगडी आणि चक्की

सिलिंडर महाग झाला की इंडक्शन घ्यावं असं वाटतं. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर केला तर साधारण १२० ते १३० युनिट लागतील. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी आणि १०१ पासून एकदम वर. म्हणजे हिवाळ्यात तुमचा वापर ६०-७० युनिटचा असेल तर उरलेल्या ३० युनिटांत दूध, चहा, भात इंडक्शनवर होऊन जाईल आणि सिलिंडर लांबेल. उन्हाळ्यात हे करू नका. २०० वॅटचा कूलर दहा तास चालला की रोजचे २ युनिट, महिन्याचे ६०, झालेच शंभर पार. आणि शेगडी घरात असेल तरच हे. हप्त्यावर नवी घ्यायची गरज नाही. डाळ तासभर भिजवून कुकरला लावली तरी गॅस पुष्कळ वाचतो.

घरघंटीबद्दल, म्हणजे घरच्या पिठाच्या चक्कीबद्दल, त्या पोरीनं विचारलं होतं. चक्कीवर किलोला ६ रुपये धरले तर १५ किलोचे ९० रुपये महिना, वर्षाचे १,०८०. सोळा हजारांची घरघंटी फिटायला पंधरा वर्षं लागतील, वीज आणखी वेगळी. शेजाऱ्यांचं दळण घेऊन चार पैसे कमवायचे असतील तरच तिचा विचार करा.

बाईचा वेळ कुठं धरायचा?

या सगळ्या हिशोबात एक रक्कम कोणीच मांडत नाही. घरी करायचं म्हणजे घरातल्या बाईनं करायचं. कुरोड्यांत माझे चार दिवस गेले. त्याच चार दिवसांत मला कोणाकडे पोळ्या लाटून किंवा ब्लाउज शिवून रोख पैसे आणता आले असते. तुमच्या हाताला बाहेर काम मिळत असेल तर तिखट आणि मुंगवड्या सोडून बाकी सगळं विकत आणा आणि काम धरा. काम मिळत नसेल, सासू-सासरे मदतीला असतील, गच्ची स्वतःची असेल, तर जास्त घरी करा. भाड्याच्या एका खोलीत, वर पत्रा असेल तर धान्य तीन महिन्यांच्या वर ठेवूच नका. पत्र्याखालच्या उकाड्यात आणि पावसाळ्याच्या ओलीत ते टिकत नाही.

त्या पोरीनं शेवटी दोघी शेजारणींबरोबर गव्हाचं एक पोतं घेतलं, तिच्या वाट्याला ३० किलो आला. तांदूळ रेशनचाच. तीन किलो मिरची घेतली ती आम्ही तिच्या दारात बसून खुडली, नवराही बसला खुडायला. उरलेले पैसे तिनं मोडले नाहीत. शाळेची फी जूनमध्ये भरायची होती. कोठीत घालायला माझ्याकडून कडुलिंबाचा पाला घेऊन गेली. तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते, पाला सावलीत कुरकुरीत वाळवूनच घाला. ओला घातला तर किडे राहतात बाजूला, गहूच कुबट होतो.