शेवटचा फर्मा: चार कादंबऱ्यांचा संच, आठ महिन्यांनंतर

हा संच घेतल्यावर लगेच अभिप्राय लिहिला नाही, ते बरंच झालं. पहिल्या महिन्यात लिहिला असता तर पाच तारे दिले असते, तिसऱ्या महिन्यात एकच. आज चार देतेय, आणि कापलेला एक तारा कशासाठी कापला ते नीट सांगायचं आहे.

ज्यांच्याकडे संच आहे त्यांना वर्णनावरूनच कळेल. इंग्लंडची औटघटकेची राणी जेन ग्रे, धूमकेतू शोधणारी कॅरोलिन हर्शेल, दगडांतले जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग आणि गणिती एडा लव्हलेस. प्रत्येकीवर एक कादंबरी, खऱ्या आयुष्यात जादूचा एकच धागा विणलेला, बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. मुखपृष्ठं, छपाई, डबा किती देखणा आहे यावर इतरांनी भरपूर लिहिलंय, मी त्यात पडत नाही. आमच्या घरात पुस्तकं वाचनालयातून येतात. विकत घेतलेलं पुस्तक निदान तीनदा वाचून व्हायला हवं, हा माझा हिशोब. मी आणि माझी तेरा वर्षांची लेक रात्री आळीपाळीने मोठ्याने वाचतो, तेव्हा पुस्तक पूर्ण उघडून दोघींच्या मधे ठेवावं लागतं.

तिथेच पहिलं दुखणं सुरू झालं. मेरी ॲनिंगचं पुस्तक दुसऱ्या वाचनात मधोमध उकललं. पुस्तक शिवलेलं नाही, नुसतं चिकटवलेलं आहे. पाठीला गोंदाचा पातळ थर, तो तडकला की पान सुटतं, एक सुटलं की शेजारचंही सैल होतं. एका रविवारी अकरा सुटी पानं क्रमाने लावून, पाठीला पांढरा गोंद लावून, वर जाड शब्दकोश ठेवून मी ते पुस्तक रात्रभर दाबून ठेवलं. त्यावर चिडले होते, पण बांधणी हा या अभिप्रायाचा विषय नाही. गोंद वाळेपर्यंत लेकीशी जे बोलणं झालं, तो विषय आहे.

ती म्हणाली, "आई, तो वीज पडण्याचा भाग सोडला तर बाकी सगळं खरं असेल ना?"

मी थबकले. कारण नेमकं उलटं आहे. वीज खरी आहे. मेरीचा जन्म 1799चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रीजिसमधला. 19 ऑगस्ट 1800 रोजी, ती सव्वा वर्षाची असताना, तिला कडेवर घेऊन एक शेजारीण आणखी दोघींबरोबर एका झाडाखाली उभी होती. वीज पडली, तिन्ही बाया जागीच गेल्या. पोर जगली. कादंबरीतली जादू त्या विजेतून निघते: त्या दिवसापासून मेरीला दगड गुणगुणताना ऐकू येतात आणि कुठल्या दगडात जनावर आहे ते कळतं. ही कल्पना मला अजूनही अतिशय आवडते. दगड गुणगुणत नाहीत हे लेकीला पक्कं ठाऊक होतं. जादू तिला एका पानापुरतीही फसवू शकली नाही.

ती फसली शेवटाला. कादंबरीच्या शेवटी लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी, म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञांची संस्था, मेरीला बोलावते, दारं उघडतात, सभासदांच्या वहीत तिचं नाव लिहिलं जातं. हे लेकीने इतिहास म्हणून स्वीकारलं. त्यात जादू नव्हती, टोप्या घातलेली माणसं होती, शाईची दौत होती. मग ते खरंच असणार.

असं कधीच झालं नाही. 1823च्या डिसेंबरात मेरीने प्लेसिओसॉर या प्राचीन सागरी प्राण्याचा जवळजवळ अखंड सांगाडा बाहेर काढला. त्याची मान इतकी लांब होती की पॅरिसच्या क्युव्हिए या नामांकित प्राणिशास्त्रज्ञाला तो बनावट वाटला, आणि नंतर त्याला आपली चूक कबूल करावी लागली. 1824मध्ये सोसायटीत त्यावर निबंध वाचला गेला, त्यात मेरीचं नावही नव्हतं. सोसायटीने स्त्रियांना सभासद करून घेतलं 1919मध्ये. मेरी 1847मध्येच गेली होती. मधे 72 वर्षं गेली.

लेखिकेला वाटलं असेल की एवढा अन्याय सोसलेल्या मुलीला निदान गोष्टीत तरी न्याय द्यावा. मला तो हेतू समजतो. पण तेरा वर्षांच्या वाचकाच्या हातात त्यामुळे काय उरलं? मेहनत केली की शेवटी दार उघडतं, एवढंच. आणि जे दार उघडलं नाही, त्याचा राग येण्याचा तिचा हक्क गेला.

म्हणून मी शेवटची टीप शोधायला गेले. अशा कादंबरीत गोष्ट संपल्यावर चार पानं असायलाच हवीत: काय खरं, काय रचलेलं, कशासाठी रचलं. आमच्या पुस्तकात पान 368वर गोष्ट संपते आणि पुढे थेट मलपृष्ठ. टीप नाही. त्या रात्री मी एक ताऱ्याचा अभिप्राय लिहायला घेतला होता. वाक्यं अजून वहीत आहेत, बरीच कडवट आहेत.

आता पाचव्या महिन्याची गोष्ट. वाचनालयात हाच संच आला. सहज मेरीचं पुस्तक उचललं, तर शेवटचं पान 384. आमच्यात 368. सोळाचा फरक, म्हणजे एक अख्खा फर्मा. छापखान्यात मोठ्या कागदावर सोळा पानं एकत्र छापून घडी घालतात, त्या घडीला फर्मा म्हणतात. आमच्या पुस्तकात चोविसावा फर्मा लागलेलाच नव्हता. आणि त्यातच होती टीप, सलग पाच पानं, त्यामागे सनावळी.

मी वाचनालयाच्या टेबलाशी उभ्या उभ्या ती वाचली. लेखिका पहिल्याच परिच्छेदात सांगते की सभासदत्वाचा प्रसंग तिचा स्वतःचा आहे, आणि तो लिहिताना तिला कसं अवघडल्यासारखं झालं तेही सांगते. मग खरं काय झालं ते देते. मेरीच्या मृत्यूनंतर सोसायटीच्या अध्यक्षाने सभेत तिच्यावर श्रद्धांजलीपर भाषण केलं, आणि 1850मध्ये सोसायटीच्या सभासदांनी लाइम रीजिसच्या चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली. जिवंतपणी दारातून आत घेतलं नाही त्यांनी मेल्यावर खिडकी लावली. हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतका चांगला प्रसंग हाताशी असताना कादंबरीत तो का घेतला नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पण लेखिकेवरचा माझा राग तिथेच संपला. तिने वाचकाला अंधारात ठेवलं नव्हतं. अंधारात ठेवलं होतं बांधणीने.

दुकानाशी झालेला वाद इथे सांगितला पाहिजे. मी दोन्ही प्रतींच्या शेवटच्या पानांचे फोटो पाठवले. उत्तर आलं की परत करण्याची मुदत संपलीय. मी म्हटलं, मुदतीत कळणार कसं, पुस्तक कुणी शेवटून वाचतं का? मग फोनवर एकजण शांतपणे म्हणाला, "मॅडम, गोष्ट पूर्ण आहे ना? मग पुस्तक सदोष कसं?" त्याच्याशी मी पंधरा मिनिटं बोलले. आवाज चढवला नाही, पण मुद्दा सोडला नाही. सोळा पानांचे पैसे मी दिलेत आणि ती सोळा पानं मला हवीत, एवढंच म्हणत राहिले. बदली प्रत मिळाली नाही. त्या विक्रेत्याकडून मी पुन्हा काही घेणार नाही.

टीप वाचल्यानंतर आम्ही चारही पुस्तकं पुन्हा वाचली, आणि मत बरंच बदललं.

कॅरोलिन हर्शेलचं पुस्तक माझ्या मते संचातलं सर्वोत्तम आहे, आणि पहिल्या वाचनात मी त्याला कंटाळवाणं म्हटलं होतं. कॅरोलिनला दहाव्या वर्षी विषमज्वरासारखा टायफस झाला, तिची वाढ खुंटली, उंची चार फूट तीन इंचांवर थांबली. घरच्यांनी तिला कामवालीच ठरवून टाकलं होतं. तिने आठ धूमकेतू शोधले, पहिला 1 ऑगस्ट 1786 रोजी. 1787पासून राजाकडून तिला वर्षाला 50 पौंड पगार सुरू झाला. भाऊ विल्यमच्या 1788मधल्या लग्नानंतरच्या काही वर्षांच्या डायऱ्या तिने स्वतःच नष्ट केल्या. लेखिकेने जादू नेमकी त्या रिकाम्या वर्षांत घातलीय. त्या काळात धूमकेतू कॅरोलिनशी बोलतात, आणि ती ते लिहून ठेवते, आणि मग जाळते. जिथे कागद आहेत तिथे लेखिका कागदाला धरून राहते, जिथे नाहीत तिथे मोकळी सुटते. पहिल्या वाचनात मला हे दिसलंच नाही, कारण टिपेवर माझं लक्षच नव्हतं. तिथे ती होती, सात पानांची, मी ओलांडून गेले होते. बर्फातून धावताना लोखंडी आकडा मांडीत घुसला आणि मांस निघालं, हा प्रसंग लेकीला अतिरंजित वाटला होता. टिपेत लिहिलंय की तो कॅरोलिनच्याच आठवणींतला आहे.

जेन ग्रेच्या पुस्तकात तिला राणीपदाचा प्रत्येक दिवस दोनदा जगता येतो, 10 जुलै ते 19 जुलै 1553. वाचताना वाटतं, आता ही वाचणार. वाचत नाही. 12 फेब्रुवारी 1554ला वधस्तंभाशी डोळ्यांवर फडकं बांधल्यावर तिला मान ठेवायचा ठोकळा सापडेना, ती हातांनी चाचपडत राहिली, कुणीतरी पुढे होऊन तिला वाट दाखवली. हे तेव्हाच्या वृत्तांतात आहे आणि लेखिकेने त्यात काहीही घातलेलं नाही. तो दिवस एकदाच येतो. लेकीने तिथे पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडलं नाही. टीप मात्र अर्ध्या पानाची, घाईत उरकलेली.

आणि एडा लव्हलेस. हा तारा तिच्यासाठी कापलाय. गणिती चार्ल्स बॅबेजने कल्पिलेलं ॲनालिटिकल इंजिन, म्हणजे आकडेमोड करणारं यंत्र, कादंबरीत पूर्ण बांधलं जातं आणि एडाशी बोलू लागतं. छान. पण ते यंत्र तिच्या हयातीत कधीच उभं राहिलं नाही, ती वयाच्या 36व्या वर्षी 1852मध्ये गेली, हे कुठेही सांगितलेलं नाही. वाचनालयाची प्रत तपासली, फर्मे मोजले, सगळे आहेत. टीप मुळातच लिहिलेली नाही. आणि एडाची कीर्ती कशावर उभी आहे? 1843मध्ये तिने याच यंत्रावरच्या एका फ्रेंच लेखाचं भाषांतर केलं आणि त्याला टिपा जोडल्या. त्या मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट लांब झाल्या. शेवटच्या टिपेत बर्नोली संख्या (गणितातली एक संख्यामालिका) यंत्राकडून कशा काढून घ्यायच्या याची पायरीवार मांडणी आहे. खाली नाव नाही, फक्त आद्याक्षरं. टिपांमुळे जग जिला ओळखतं, तिच्याच पुस्तकाला एकही टीप नसावी हे मला मनापासून लागलंय. प्रकाशकाला पत्र पाठवलंय. उत्तर आलेलं नाही.

दगड बोलोत, धूमकेतू बोलोत, कितीही घाला. बखरकारांनीही घातलंच होतं. कुठपर्यंत बखर आणि कुठून पुढे कागदपत्र, एवढं पोराला सांगा.

आमच्या प्रतीचं काय झालं ते सांगते. वाचनालयातून मेरीचं पुस्तक घरी आणून लेकीने ती पाच पानं रेघी कागदावर हाताने उतरवून काढली. मी ती मलपृष्ठाच्या आत चिकटवली. कागद पुस्तकापेक्षा बोटभर उंच आहेत, त्यामुळे वरून बाहेर दिसतात. एडाच्या पुस्तकासाठी तिने स्वतःची टीप लिहायला घेतलीय, दीड पान झालंय.

संच घ्यायचा असेल तर बिनधास्त घ्या, तीन वाचनांचा हिशोब आमचा कधीच वसूल झालाय. फक्त हातात पडल्या दिवशी मेरी ॲनिंगचं पुस्तक मागून उघडा. शेवटच्या पानावर 384 नसेल तर मुदत संपायच्या आत परत करा.