गावाजवळची जिनिंग की एमआयडीसीतली कंपनी?

हिंगणघाट-वणीकडच्या आयटीआय झालेल्या पोरापुढं दोन वाटा असतात. एक गावाजवळच्या जिनिंगची किंवा दालमिलची, दुसरी नागपूरजवळच्या बुटीबोरी नाहीतर अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ एमआयडीसीतल्या मोठ्या कंपनीची.

जिनिंगमध्ये काम पटकन मिळतं. दिवाळीच्या आगेमागे कापूस आला की रेचे, म्हणजे सरकी वेगळी करणारी यंत्रं, सुरू होतात. फिटर, हमाल, काट्यावरचा माणूस, सगळेच लागतात. उन्हाळ्यात शेवटच्या गठाणी गेल्या की बहुतेकांची हजेरी बंद. पीएफचा कायदा साधारण २० कामगारांपासून लागू होतो, त्यामुळे १२-१५ जणांच्या दालमिलमध्ये तो बहुधा नसतो. पण घरचं जेवण, वावराकडं लक्ष आणि खोलीभाड्याची बचत, हे पगाराच्या आकड्यात दिसत नसलं तरी खरंच पैसे आहेत.

मोठ्या कंपनीत शिरणं अवघड, पण लागलेली नोकरी जास्त टिकते. डेव्हिस, हाल्टिवांगर आणि शू या अर्थतज्ज्ञांनी १९७० आणि ८० च्या दशकांतले अमेरिकेतले कारखाने तपासले. तिथं दरवर्षी १०० मागे सुमारे ९ नोकऱ्या नव्यानं निघत आणि १० जात. लहान कारखान्यांत हे येणं-जाणं दोन्ही जास्त होतं. म्हणून ‘लहान उद्योगच रोजगार देतात’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं: भरतीचा बोर्ड दिसतो, शांतपणे कमी झालेली चार माणसं दिसत नाहीत. पुढच्या संशोधनात आणखी एक गोष्ट निघाली. फरक आकारापेक्षा वयाचा जास्त आहे. नवे कारखाने झपाट्यानं वाढतात, आणि त्यातले बरेच लवकर बंदही पडतात.

मोठं म्हणजे कायमचं, असंही नाही. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली आणि २००२ ला बंद पडली. लहान गिरणी बुडाली तर दहा घरं हादरतात. एम्प्रेससारखी मोठी मिल बुडाली की चहाच्या टपरीपासून किराण्यापर्यंत अख्खी वस्ती बसते.

मोठ्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागते. नव्या कामगार कायद्यात (औद्योगिक संबंध संहितेत) ही अट ३०० कामगारांपासून आहे आणि हंगामी कारखान्यांना ती नाही. ठेकेदाराच्या हजेरीवर असाल तर मोठ्या कंपनीतही ठेका संपला की तुमचं काम संपू शकतं. त्यामुळे गेटवर आधी विचारा: पगार कंपनीच्या नावानं होणार की ठेकेदाराच्या? कारखाना किती वर्षांचा? जून-जुलैत किती माणसं कामावर असतात?

ठेक्यावरची मोठी कंपनी आणि पीएफ भरणारी, दहा-पंधरा वर्षं बारमाही चाललेली दालमिल, यातलं मी दालमिल घेईन. कंपनी स्वतःच्या रोलवर घेत असेल, तर मात्र खोली करून बुटीबोरीला जा.